एका शतांशाचा हिशेब

अध्यक्षमहोदय आणि श्रोते हो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘युहा मिएतो यांची कारकीर्द’ असा छापलेला आहे आणि तो पूर्ण करण्याचा माझा प्रामाणिक इरादा आहे. क्रॉस कंट्री स्कीइंग म्हणजे बर्फावरून स्की घालून लांब अंतर कापण्याची शर्यत, हे या सभागृहाला सांगण्याची गरज नाही, त्यामुळे तेवढा वेळ वाचला. फिनलंडमधील कुरिक्का येथे १९४९ साली जन्मलेले, १९६ सेंटिमीटर उंचीचे आणि भरघोस दाढीचे मिएतो चार हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत उतरले आणि त्यांनी पाच पदके मिळवली. तरीही कोणत्याही वृत्तपत्राचे जुने अंक उघडा, त्यांचा परिचय एकाच वाक्यात आटोपलेला दिसेल : ‘सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्णपदक गमावलेला खेळाडू’. माझी तक्रार या वाक्याविरुद्ध आहे. ते वाक्य खोटे नाही. पण ज्या मोजमापावर ते उभे आहे, त्या मोजमापालाच त्या शर्यतीत अर्थ नव्हता, असे माझे म्हणणे आहे.

१७ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटरची शर्यत झाली. स्वीडनचे थॉमस वासबर्ग यांची वेळ ४१ मिनिटे ५७.६३ सेकंद आणि मिएतो यांची ४१ मिनिटे ५७.६४ सेकंद लागली. तिसरे आलेले नॉर्वेचे ओव्हे औन्ली या दोघांपेक्षा तब्बल ३१ सेकंद मागे होते. म्हणजे त्या दिवशी जगातील इतर सर्वांपेक्षा हे दोघे स्पष्टपणे श्रेष्ठ होते, याबद्दल घड्याळाने जराही संदिग्धता ठेवली नव्हती. प्रश्न होता तो फक्त या दोघांमधला. १५ किलोमीटरला सुमारे ४२ मिनिटे, हा वेग सेकंदाला सहा मीटरच्या जवळपास पडतो. म्हणून एका शतांशात कापले जाणारे अंतर सहा सेंटिमीटर. मिएतो यांनी दाढी पुढे काढली असती तरी भागले असते, असे कोणी म्हणेल. परंतु वेळ दाढीच्या टोकाशी थांबवत नाहीत, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून देतो.

आता हे सहा सेंटिमीटर कुठे होते, ते पाहू. धावण्याच्या १०० मीटर शर्यतीत सर्व जण एकाच वेळी सुटतात, एकाच रेषेवर पोचतात आणि त्या रेषेचे छायाचित्र निघते. तिथे शतांशाला, प्रसंगी सहस्रांशालाही, डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा असतो. लेक प्लॅसिडच्या शर्यतीत खेळाडू अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने सुटत होते. वासबर्ग आणि मिएतो अंतिम रेषेवर खांद्याला खांदा लावून आलेच नाहीत; त्या सहा सेंटिमीटरचे छायाचित्र अस्तित्वात नाही, कारण ती जागाच अस्तित्वात नव्हती. दोन वेगवेगळ्या क्षणी सुरू झालेल्या आणि दोन वेगवेगळ्या क्षणी संपलेल्या दोन प्रवासांची वजाबाकी करून ती निर्माण केली गेली. दरम्यान बर्फाचे तापमान बदलते, आधीच्या खेळाडूंमुळे मार्गावरील खाचा गुळगुळीत होतात किंवा खचतात, स्कीच्या तळाला लावलेले मेण घासून जाते, वाऱ्याची झुळूक एकाला लागते आणि दुसऱ्याला लागत नाही. हा खेळाचा भाग आहे आणि मला तो मान्य आहे. मात्र एवढ्या अनिश्चिततेत झालेल्या शर्यतीचा निकाल अडीच लाखांत एक भाग इतक्या सूक्ष्मतेने लावणे म्हणजे धान्याचे पोते सोनाराच्या काट्यावर तोलण्यासारखे आहे.

पोहण्याच्या खेळाला ही गोष्ट आठ वर्षे आधीच उमगली होती. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडले (एकाच शर्यतीत चार शैलींनी पोहण्याच्या) शर्यतीत गुन्नार लार्सन यांनी टिम मॅकी यांना सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी हरवले. तेवढ्या वेळात जलतरणपटू जेमतेम तीन-चार मिलिमीटर पुढे सरकतो आणि तलावाच्या भिंती तितक्या अचूकतेने कोणी बांधत नाही. एका मार्गिकेची लांबी दुसरीपेक्षा त्याहून अधिक भिन्न असू शकते. पुढे नियम बदलला, शतांशापर्यंतच वेळ धरायची आणि ती समान आली तर पदक दोघांना, असे ठरले. जाता जाता एक निरीक्षण नोंदवतो : लार्सनही स्वीडनचेच. या अपूर्णांकांचे स्वीडनशी काय नाते आहे, याचा शोध कोणीतरी घ्यायला हवा.

स्कीइंगमध्ये शहाणपण लेक प्लॅसिडनंतर आले. आंतरराष्ट्रीय महासंघाने क्रॉस कंट्रीच्या वेळा दशांशापर्यंतच धरायचे ठरवले. त्या नियमाने १९८० ची शर्यत पाहिली तर दोघांचीही वेळ ४१ मिनिटे ५७.६ सेकंद होते आणि दोन सुवर्णपदके द्यावी लागतात. दोन्ही पदके कापून त्यांचे अर्धे-अर्धे भाग जोडावेत, असे खुद्द वासबर्ग यांनीच सुचवल्याचे सांगितले जाते. तसे झाले नाही. पदक वाटून दिल्याने खेळाची शोभा जाते, असा आक्षेप नेहमी येतो, त्याला उत्तर इतिहासातच आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये पाठलागाच्या शर्यतीत, म्हणजे जिथे अंतिम रेषेवर आधी पोचणारा जिंकतो तिथे, नॉर्वेचे फ्रोडे एस्टिल आणि थॉमस आल्सगार्ड अंतिम रेषेवर एकत्र आले, छायाचित्रालाही त्यांच्यात फरक करता आला नाही, म्हणून दोघांना रौप्य मिळाले. विजेते योहान म्युलेग उत्तेजकांमुळे बाद ठरल्यावर दोघांचेही सुवर्ण झाले. २०१४ मध्ये सोची येथे महिलांच्या डाउनहिल (डोंगरउतारावरून खाली येण्याच्या) शर्यतीचे सुवर्ण तिना माझे आणि डोमिनिक गिसिन यांना विभागून दिले गेले. कोणाचीही शोभा गेल्याचे ऐकिवात नाही.

मिएतो यांच्या बाबतीत कटू भाग असा की अपूर्णांकांशी त्यांची ही पहिली गाठ नव्हती. १९७२ च्या सापोरो ऑलिंपिकमध्ये याच अंतराच्या शर्यतीत नॉर्वेचे इव्हार फोर्मो ४६ मिनिटे ०२.६८ सेकंदांत आले आणि मिएतो ०२.७४ सेकंदांत. कांस्यपदक सहा शतांशांनी हुकले. इथे एक गंमत आहे. दशांशाचा नियम तेव्हा असता, तर पुढचे अंक नुसते छाटून टाकल्यास ०२.६ आणि ०२.७ असा फरक राहतो आणि मिएतो चौथेच ठरतात. पण शाळेत शिकवतात तसे जवळच्या दशांशाला नेल्यास दोघेही ०२.७ होतात आणि कांस्य विभागले जाते. एका माणसाचे पदक अंकगणिताच्या शिक्षकावर अवलंबून असावे, हे मला अजूनही—

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. तिच्यावर ‘पाच मिनिटे’ असे लिहिले आहे आणि खाली, अधोरेखित करून, ‘उरलेली कारकीर्द?’ असे विचारले आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून आता वेगाने पुढे जातो.

१९७६ मध्ये इन्सब्रुक येथे फिनलंडने चार गुणिले दहा किलोमीटरची रिले जिंकली. त्या चमूत मत्ती पिटक्यानेन, पेर्ती तेउरायार्वी आणि आर्तो कोइविस्तो यांच्यासह मिएतो होते. हेच त्यांचे एकमेव ऑलिंपिक सुवर्ण. लेक प्लॅसिडला शतांशाच्या त्या शर्यतीनंतर ५० किलोमीटरमध्येही त्यांना रौप्य मिळाले. त्या वेळी सोव्हिएत संघाचे निकोलाय झिम्यातोव्ह त्यांच्या जवळजवळ तीन मिनिटे पुढे होते, त्यामुळे त्या पराभवाविषयी माझी काही तक्रार नाही. तो पराभव घड्याळाच्या कोणत्याही काट्याने मोजता आला असता. त्याच ऑलिंपिकमध्ये रिलेचे कांस्य आणि १९८४ मध्ये साराएव्हो येथे, वयाच्या ३४ व्या वर्षी, पुन्हा रिलेचे कांस्य. या काळात लाकडी स्की जाऊन फायबरग्लासच्या आल्या आणि कारकीर्द संपता संपता स्केटिंगची, म्हणजे स्की तिरक्या ढकलत जाण्याची, नवी शैली दाराशी येऊन ठेपली. २००७ ते २०११ या काळात ते फिनलंडच्या संसदेचे सदस्यही होते; त्यावर बोलायला वेळ नाही.

ज्यासाठी मी खरे तर आलो, तो मुद्दा आता दोन वाक्यांत. ज्या खेळात बर्फ, वारा आणि मेण एका दिवसाचा निकाल हलवू शकतात, तिथे खेळाडू मोजायचा तर अनेक ठिकाणी, अनेक अंतरांवर, संपूर्ण हंगामभर मोजावा, कारण नशिबाचे चढ-उतार तेवढ्या काळातच एकमेकांना खाऊन टाकतात. असे मोजमाप विश्वचषकाच्या गुणतक्त्यात होते. तो अधिकृतपणे १९८१-८२ च्या हंगामात सुरू झाला, पण त्याआधी काही वर्षे अनधिकृत स्वरूपात चालू होता आणि त्यामुळे त्या विजेत्यांची नावे सहसा कोणी घेत नाही. १९७५-७६ च्या हंगामात त्या तक्त्यात पहिले नाव मिएतो यांचे होते, १९७६-७७ मध्ये वासबर्ग यांचे आणि १९७९-८० मध्ये, म्हणजे लेक प्लॅसिडच्याच हिवाळ्यात, पुन्हा मिएतो यांचे.