मांडवातील कळंबाची डहाळी

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातील कदमांच्या घरी उद्या लग्न आहे. उपरण्याला पदराची गाठ मारलेले घरातील जोडपे, पुढे वाजंत्री आणि हातात कुऱ्हाड घेऊन, कळंबाकडे निघाले आहे. खोडाला हळदकुंकू लावून तोडलेली डहाळी मुहूर्तमेढीला बांधली, की या कदमांचे देवक, म्हणजे कुळाचे पूज्य चिन्ह, बसले. कळंबाची चेंडूसारखी गोल फुले पावसाळ्यात येतात, त्यामुळे लग्नसराईत हाती लागतात ती केवळ पाने.

युरोपातील सरदार घराणी ढालीवर सिंह, गरुड रंगवून कूळ ओळखवीत. आपल्याकडे ते काम देवक करते, आणि शिवाय सोयरीकही ठरवते: ज्यांचे देवक एक, ते भाऊबंद, त्यांच्यात लग्न नाही. देवकाच्या झाडाचे लाकूड चुलीत घालायचे नाही, हाही त्यातलाच दंडक.

याच तालुक्यातील हलशी, म्हणजे पूर्वीची पलाशिका, ही कदंब राजांची एक राजधानी होती. घराजवळ जोपासलेल्या कदंब, म्हणजे कळंब, वृक्षावरून या कुळाला नाव पडले, असे ताळगुंदचा शिलालेख सांगतो. पुढे गोव्याच्या कदंबांनी सोन्याच्या नाण्यावर मात्र सिंह उठवला आणि सप्तकोटीश्वराचा वर लाभल्याची अक्षरे कोरली. नाव झाडाचे, चिन्ह जनावराचे! आजच्या कदमांची वंशावळ या राजांपर्यंत नेण्याची हौस पुष्कळांना असते. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही.

शेजारच्या मुधोळचे घोरपडे आपले आडनाव एका चढाईशी जोडतात. घोरपडीला दोर बांधून पूर्वजाने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, सर केला, अशी आख्यायिका आहे.

१८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना रेशमी निशाणे देण्यात आली. त्यांवरील कुलचिन्हे रॉबर्ट टेलर या बंगालमधील सनदी अधिकाऱ्याने आखली होती. चित्रे देखणी आहेत, पण घराण्याची ओळख बाहेरच्या माणसाने आखून हाती द्यावी, हे खटकल्यावाचून राहत नाही. कळंबाची डहाळी कोणी बहाल केलेली नाही; सून म्हणून या घरात आलेल्या आजीलाही ती आता आपलीच वाटते.

लग्नानंतर देवक उठवतात. मेढीची गाठ सोडताना कडा मुडपलेली, सुकलेली पाने हातातच चुरतात, आणि उरलेली डहाळी मलप्रभेच्या पाण्यात सोडली जाते.