विराट नाही, विराटवाले आहेत

श्रोतेहो, नमस्कार.

६ मार्च २०१७ च्या संध्याकाळी मुंबईच्या गोदीत आयएनएस विराटवरचा नौदलाचा ध्वज शेवटचा उतरला. ब्रिटनच्या नौदलात ‘हर्मीस’ नावाने वावरलेलं हे विमानवाहू जहाज १२ मे १९८७ ला आपल्या नौदलात दाखल झालं आणि पुढच्या तीस वर्षांत ५,८८,२८७ सागरी मैल चाललं. २,२५२ दिवस ते समुद्रावर होतं. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ त्याचं संग्रहालय करायला मंजुरी दिली होती. ते झालं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये विराट ओढत अलंगला नेली आणि तिथे ती तोडली गेली.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर कुरसुरा पाणबुडी उभी आहे. तिच्यावर नोकरी केलेला माणूस नातवाला आत नेऊन ‘इथे मी झोपायचो’ म्हणून दाखवू शकतो. विराटवाल्यांना ती सोय उरलेली नाही. म्हणून त्यांचा मेळावा भरवायचा असेल तर जेवणाच्या आधी तीन कामं येतात: यादी, फोटो आणि गेलेल्यांची नावं.

सुरुवात यादीपासून. हिशेबाची लांब वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. रकाने सात: नाव, गाव, जहाजावरचं खातं, विराटवर कधीपासून कधीपर्यंत, मेस कोणती, फोन, आणि घरातल्या आणखी एकाचा फोन. हुद्द्याला रकाना देऊ नका. सीमन म्हणून चढलेला माणूस पुन्हा त्याच जहाजावर पेटी ऑफिसर होऊन आलेला असतो, मग कोणता हुद्दा लिहायचा यावरच वेळ जातो. सातवा रकाना भरायला लोक कंटाळतात, पण तो सोडू नका. माणसाचा नंबर बदलतो, मुलीचा लागतो.

साल बहुतेकांना नक्की आठवत नाही. ‘चौऱ्याण्णव की पंच्याण्णव’ इथे गाडी अडते. अशा वेळी साल विचारूच नये. विचारावं, ‘१९९३ मध्ये इंजिनरूममध्ये पाणी शिरलं तेव्हा तुम्ही जहाजावर होतात, की नंतर आलात? कोचीच्या दुरुस्तीला, २००८-०९ मध्ये, होतात का? कप्तान कोण होते?’ या खुणांवरून साल आपोआप निघतं. मग ज्यांचा काळ जुळतो त्यांना एका टेबलावर बसवा. विराटवर एका वेळी हजाराहून जास्त माणसं असायची. १९८८ चा बॉयलरवरचा स्टोकर आणि २०१५ चा रडारवाला यांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नसतं. सगळ्यांना सरमिसळ बसवलं की निम्मे लोक अवघडून बसतात आणि जेवून निघून जातात.

तारखेचा घोळ दरवर्षी होतो. ६ मार्चच्या आगेमागे शिमगा येतो आणि कोकणातला माणूस पालखी सोडून येत नाही. १२ मे ऐन सुट्टीत पडतो, त्या दिवसांत कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं मुश्कील. जानेवारीतला शनिवार सगळ्यात बरा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख निदान तीन महिने आधी कळवा.

जागा गोदीच्या बाहेरची घ्या. आतल्या जागेचा मोह होतो, पण परवानगी, ओळखपत्रं, आधी दिलेली नावं यात कुणाची तरी सून-नातवंडं दारावर ताटकळतात. हॉल तळमजल्यावरचा हवा. गुडघे बहुतेकांचे गेलेले असतात, आणि कानही. हॅरियर विमानाच्या इंजिनाजवळ किंवा बॉयलररूममध्ये वर्षं काढलेल्या माणसाला घुमणाऱ्या हॉलमध्ये शेजारच्याचं बोलणं नुसता गोंगाट वाटतं. म्हणून टेबलाला सहा-आठ जण, वाद्यवृंद नको, भाषण पाच मिनिटांच्या वर नको. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव बोटभर उंचीच्या अक्षरांत, खाली खातं आणि सालं. मधुमेह असलेले बरेच असतात, जेवण एक वाजता म्हणजे एकलाच वाढा.

आता फोटो. प्रत्येकाला घरचे जुने फोटो आणायला सांगा आणि एका कोपऱ्यात स्कॅनर लावा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरे. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. किनाऱ्यावरच्या घरांत एक गोष्ट नेहमी दिसते: दमट हवेने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला असतो. एक कोपरा सुटा दिसतो, बोटाने ओढावासा वाटतो. ओढलात की चेहऱ्यावरचा थर काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. तो काचेसकटच स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो बारीक होऊन जातो. आणि स्कॅन करतानाच विचारून घ्या, डावीकडून कोण कोण, डेकवरची जागा कोणती. नंतर सांगणारं कुणी राहत नाही. जहाजाचे नकाशे, यंत्रांचे कागद मात्र कुणी आणले तर ते परत द्या, गटात फिरवू नका.

आणखी एक टेबल कागदांचं ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या माहीतगाराला आधी विचारून बोलवा. नाविकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला ‘ब्युरो ऑफ सेलर्स’कडे असतात. पत्नीचं नाव तिथे एक, आधारवर दुसरं, असं फार घरांत आहे. माहेरचं नाव, सासरचं नाव, स्पेलिंग. माणूस हयात असताना स्वतः अर्ज करून हे सुधारून घेतो. तो गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी तिला एकटीला खेटे घालावे लागतात. त्या दिवशी प्रत्येकाने फक्त दोन कागद शेजारी ठेवून अक्षरं ताडून पाहिली तरी पुष्कळ. ‘स्पर्श’ या सैनिकी पेन्शनच्या संकेतस्थळावर हयातीचा दाखला भरायला शिकवणारा एखादा तरुणही तिथे बसवा.

शेवटी गेलेल्यांची नावं. ही यादी आठ दिवस आधी बंद करा आणि प्रत्येक नाव दोन वेगवेगळ्या माणसांकडून, शक्यतो घरच्यांकडून, पक्कं करून घ्या. ऐकीव बातमीवर नाव वाचलं जातं आणि तो माणूस गावी धडधाकट असतो, असं खरंच घडतं. त्याच्या घरी कळतं तेव्हा काय वाटत असेल, विचार करा. नावं हुद्द्याने नको, अक्षरानुक्रमे वाचा. आडनावांचे उच्चार आधी विचारून ठेवा, विराटवर केरळपासून पंजाबपर्यंतची माणसं होती. आलेल्या विधवा भगिनींना पहिल्या रांगेत बसवा. वाचून झालं की घंटा आठ वेळा, दोन-दोनच्या जोडीने. जहाजावर आठ घंटा म्हणजे पहारा संपला. पितळी घंटा मिळाली नाही तर देवळातली चालते, पण ती धरून ठेवणारा आणि वाजवणारा वेगळा हवा, म्हणजे टोल स्वच्छ येतो.

नमस्कार.