तैवानचा शेवटचा राजा: बारा वर्षांचं पोरगं

तर मंडळी, हे तैवानमधलं ताइनान शहर. १६८१ मध्ये इथे एका पोराला गादीवर बसवलं, नाव झेंग केश्वांग, वय अकरा-बारा. बसवलं म्हणजे अक्षरशः उचलून बसवलं, कारण त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

आधी थोडं मागे जाऊ. त्याचे आजोबा झेंग चेंगगोंग, ज्यांना युरोपियन लोक कोशिंगा म्हणायचे. त्यांची आई जपानी आणि जन्मही जपानचाच. चीनमध्ये उत्तरेकडून आलेल्या मांचू लोकांचं छिंग राज्य आलं, मिंग घराणं बुडालं, पण हा माणूस मिंगांसाठी लढतच राहिला. १६६१ मध्ये तो तैवानवर उतरला, नऊ महिने डचांच्या किल्ल्याला वेढा दिला, १६६२ मध्ये डचांना हाकललं आणि त्याच वर्षी वारला पण. पुढे मुलगा झेंग जिंगने जवळपास वीस वर्षं कारभार रेटला. गंमत म्हणजे शेवटचा मिंग बादशहा १६६२ मध्येच मारला गेला होता, तरी इथे कागदोपत्री वर्षं त्याच्याच नावाने मोजत होते, ती थेट १६८३ पर्यंत!

१६८१ मध्ये जिंग गेला. खरा वारस थोरला मुलगा केझांग, कारभारही तोच बघत होता आणि चांगला बघत होता, नेमकं तेच नडलं. दरबारातल्या फेंग शिफानने "हा खरा झेंग रक्ताचा नाहीच" अशी आवई उठवून त्याला संपवलं, आणि धाकट्या केश्वांगला पुढे केलं. का? कारण केश्वांग त्याचा जावई होता ना!

तिकडे समुद्रापलीकडे शी लांग तयारीत होता. हा आधी झेंगांचाच सरदार, पण भांडण झालं, कोशिंगाने त्याच्या बापाला आणि भावाला मारलं, आणि हा छिंगांकडे गेला. जुलै १६८३ मध्ये तैवानजवळच्या पेंगहू बेटांपाशी त्याने झेंगांचं आरमार पार मोडलं. सेनापती लिऊ ग्वोश्वान मोजकी जहाजं घेऊन परत आला. कुणी म्हणालं फिलिपिन्सला पळूया, शेवटी ठरलं शरण जायचं.

छिंगांना शरण आल्याची खूण म्हणून केश्वांगने कपाळावरचे केस भादरले, मागे मांचू पद्धतीची वेणी ठेवली. मिंग घराण्यातला निंगजिंगचा राजपुत्र मात्र तयार होईना, त्याने गळफास घेतला, त्याच्या आधी त्याच्या पाच बायकांनीही. त्या पाचजणींचं देऊळ ताइनानमध्ये आजही आहे.

शी लांगने सूड घेतला असेल असं वाटतं ना? उलट तो कोशिंगाच्या देवळात गेला आणि तिथे रडला म्हणतात.

केश्वांगला बेइजिंगला नेलं, मोठी पदवी दिली, आणि नजरेसमोर ठेवलं. १६९९ मध्ये छिंगांच्या कांगशी बादशहाच्या परवानगीने आजोबांच्या अस्थी तैवानहून चीनच्या फुजियान प्रांतातल्या नान-आन गावी नेल्या. केश्वांग १७०७ मध्ये वारला, बेइजिंगमध्येच.