दुपारी बारा ते चार

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे सतरंजीवर यावं. लहान मुलांना घेऊन आलेल्यांनी तर पुढेच बसावं. मुलं मधेच उठली, बोलली तरी चालेल, विषय त्यांचाच आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय 'उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुलांचा घरातला दिवस'. लहान म्हणजे साधारण तीन ते आठ वर्षांची मुलं आज माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे की सकाळ निभावून जाते. पाच वाजले की अंगण, गच्ची, सोसायटीचं पार्किंग, काहीतरी असतंच. अडतं ते दुपारी बारा ते चार. बाहेर सोडता येत नाही, झोप येत नाही आणि मोठ्यांची कामं तर त्याच वेळात साचलेली असतात. मग मोबाइल हातात जातो. त्यासाठी इथे कुणाला बोल लावायचा नाही.

मला मांडायचं आहे ते एवढंच : या चार तासांसाठी मुलांना कार्यक्रम लागत नाही, काम लागतं, आणि तेही खरं काम. खरं म्हणजे जे झालं नाही तर घरात कुणाचं तरी अडेल असं. खोट्या कामाला मुलं फसत नाहीत. नुसतं गुंतवायला म्हणून मेथीच्या चार काड्या पुढे टाकल्या तर पाच मिनिटांत त्या जमिनीवर असतात. तेच मूल रात्रीच्या भाजीच्या शेंगा सोलायला बसवलं आणि 'एवढ्या झाल्या की फोडणी टाकते' असं सांगितलं, तर अर्धा तास मान वर करत नाही. आपल्याकडचा उन्हाळा अशा कामांनी भरलेला आहे. ती कामं आपणच मुलांच्या हातातून काढून घेतली, कारण आपल्याला घाई असते.

माठापासून सुरुवात करते. माठावर जरा जास्त बोलणार आहे, आयोजकांनी सांभाळून घ्यावं.

'आमच्या माठात पाणी गारच होत नाही' ही तक्रार दर एप्रिलला ऐकू येते. माठ बघायला जावं तर तो चकचकीत रंगवलेला, वर वेलबुट्टी काढलेली. मंडळी, माठ गार करतो तो त्याच्या छिद्रांमुळे. भाजलेल्या मातीतून पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातलं शंभर मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा पेला पाणी उडालं, तर तेवढ्याने उरलेलं पाणी सहा अंशांच्या आसपास उतरू शकतं. बाहेरची उष्णता आत येतच राहते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त पाणी झिरपावं लागतं. मग त्या छिद्रांवर ऑइलपेंट फासला तर राहिलं काय? घेताना बाहेरून कोरा, हाताला खरखरीत लागणारा माठ घ्यावा. टिचकी मारावी, खणखणीत वाजला तर तडा नाही, बद्द वाजला तर ठेवून द्यावा. ही टिचकी मुलाला मारू द्या. दुकानातले दहा माठ वाजवून एक निवडणं यात त्याची अख्खी सकाळ सोन्याची होते.

नवा माठ घरी आणला की चोवीस तास पाण्यात बुडवून किंवा काठोकाठ भरून ठेवायचा आणि ते पाणी झाडांना घालायचं. आतून घासायचा तो नारळाच्या शेंडीने, नुसत्या पाण्याने. साबण अजिबात नको. तो छिद्रांत शिरतो आणि पुढे आठवडाभर पाण्याला वास मारतो. मांडायचा तिवईवर, जिथे वारा लागेल आणि ऊन लागणार नाही अशा जागी. खाली पसरट भांड्यात वाळू घालून ती ओली ठेवली की बूडही गार राहतं. फ्रिजच्या बाजूला किंवा शेगडीच्या कोपऱ्यात माठ ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. तिथे वाराही नाही आणि वर गरम हवेचा झोत! दोन दिवसांआड रिकामा करून धुवायचा. बोअरचं जड पाणी असेल तर महिना-दीड महिन्यात बाहेरून पांढरा थर धरतो. तो क्षार. तो छिद्रं बुजवतो. घासून थोडा निघतो, सगळा निघत नाही, म्हणून मराठवाड्यात बऱ्याच घरी दर वर्षी नवा माठ येतो. जुना तुळशीला किंवा कढीपत्त्याला जातो.

आता यात मुलाचं काम कुठलं? माठाचा कारभार पाच वर्षांच्या मुलाकडे द्या. सकाळी माठाभोवतीचं सुती फडकं भिजवायचं, दुपारी बारा वाजता आणि तीन वाजता ते सुकलंय का बघायचं, सुकलं असेल तर पुन्हा भिजवायचं. वाळूवर एक तांब्या पाणी. तोटीचा माठ असेल तर त्याचा हात पोचेल इतक्याच उंचीवर मांडा, म्हणजे घरातल्यांना पाणी देण्याचं कामही त्याचंच होतं. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, हात बुडवायचा नाही हा नियम पहिल्या दिवशी एकदाच सांगा. फडकं कोरडं राहिलं की संध्याकाळी पाणी कोमट लागतं आणि आजोबा विचारतात, 'आज पाणी असं का रे?' त्या प्रश्नात त्या कामाचा सगळा मान आहे.

यातून शिकायचं असेल तर तेही आहे. दोन सारखे स्टीलचे तांबे भरा, एकाला ओलं फडकं गुंडाळा आणि दोन्ही खिडकीत सावलीला ठेवा. तासाभराने हात लावून बघा. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे फरक चटकन कळतो, मुंबईत नि रत्नागिरीत फारसा कळणार नाही, कारण तिथली हवा आधीच ओलावलेली, ती आणखी पाणी घेत नाही. वाळ्याची ताटी लावलेला कूलर विदर्भात खोली थंड करतो आणि दादरला नुसता दमटपणा वाढवतो, त्याचं कारण तेच. मामाच्या गावाला फोन लावून 'तुझ्या तांब्याचं काय झालं?' असं दोन गावच्या भावंडांनी एकमेकांना विचारावं.

माठाने बराच वेळ घेतला. पण वाळवणाशिवाय पुढे जाता येणार नाही.

कुरडया मी मुलांबरोबर करायला सांगणार नाही. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक गाळा, तो निवळू द्या, शिजवा. तिसऱ्या दिवशीचा तो आंबूस वासच मुलांना पळवून लावतो. मुलांचं वाळवण म्हणजे साबुदाण्याच्या पापड्या. एक वाटी साबुदाणा धुऊन, वर बोटभर पाणी ठेवून चार-पाच तास भिजवायचा. जाड बुडाच्या पातेल्यात चार वाट्या पाण्याला उकळी आणायची, साबुदाणा घालायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. दाणा काचेसारखा दिसेपर्यंत शिजला पाहिजे. मधे पांढरा ठिपका राहिला तर तळल्यावर तिथेच दाताला खडा लागतो. मीठ अळणी वाटेल इतकंच घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ राहतं. भरडलेले जिरे, हवं तर थोडी हिरवी मिरची वाटून. मिश्रण पळीवाढं हवं. पातळ झालं तर पापडी कागदासारखी होऊन सोडवताना फाटते, घट्ट झालं तर मधे ओल राहून तळताना फुलत नाही.

इथे एक गोष्ट नीट ऐका. गरम साबुदाणा कातडीला चिकटतो, झटकला तरी सुटत नाही, म्हणून त्याचा चटका नुसत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा खोल जातो. शिजवणं सगळं मोठ्यांचं. बोट बुडवता येईल इतकं निवल्यावरच चमचा मुलाच्या हातात द्यायचा. अगदी गार झालं तर ते थिजतं, मग थोडं गरम पाणी घालून मोठ्यांनीच सैल करावं. सकाळी आठच्या आत गच्चीत जाड प्लॅस्टिक अंथरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि एकेक चमचा घालायचा. चमच्याच्या पाठीने गोल पसरवणं हे मुलाचं काम. गोल होणार नाहीत, एकमेकींना चिकटतील. त्या चिकटलेल्या सुधारायला जाऊ नका, तळल्यावर त्याच पहिल्यांदा संपतात.

मग दुपारची राखण. मुलाला उन्हात बसवायचं नाही. दाराच्या सावलीतून किंवा खिडकीतून नजर ठेवायची, कावळा दिसला की थाळी वाजवायची. वर जुनी पातळ ओढणी टाकली की धूळ बसत नाही. चार वाजता कडा आपोआप उचललेल्या दिसतात, तेव्हा पापड्या सोडवून उलट्या करायच्या. सोडवताना होणारा तो चर्र आवाज आणि अर्धओल्या, चिवट पापड्या खायची चोरी ही या कामाची मजुरी, ती द्यायचीच. दोन दिवस कडक ऊन लागतं. मोडून बघा, कट् असा आवाज आला तर डब्यात भरा, वाकली तर आणखी एक दिवस. कोकणात मेच्या शेवटी आभाळ भरून यायला लागतं, तिकडे हे एप्रिलमध्येच उरकावं. ओल राहिली की डब्यात बुरशी धरते आणि मुलाची सगळी मेहनत जाते.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं राहिली. जे सांगते असं कबूल केलं होतं ते अजून व्हायचंय, तेव्हा आता भराभर.

दिवस उन्हाच्या हिशेबाने बांधा. सहा ते नऊ बाहेर : झाडांना पाणी, वाळवण घालणं, सायकल. नऊला पोटभर न्याहारी. दहाच्या सुमारास पूर्व-दक्षिणेच्या खिडक्यांचे पडदे ओढायचे, संध्याकाळी सगळ्या उघडायच्या. हेही मुलाचं काम. बाराला जेवण, हलकं : ताक-भात, काकडी. जेवणानंतर तासभर सगळ्यांनी फरशीवर आडवं व्हायचं. झोपलंच पाहिजे अशी सक्ती नको, पडून राहणं पुरे. दोनला हातातलं काम, म्हणजे शेंगा, चिंच निवडणं, कपड्यांच्या घड्या. तीनला पन्हं. अर्धा किलो कैऱ्या उकडून गर काढा, जेवढ्या वाट्या गर तेवढ्याच्या दीड ते दुप्पट गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोडा. पेल्याला दोन मोठे चमचे. गर मुलाने हाताने कुस्करावा. आणि मधल्या वेळात 'कंटाळा आला' असं म्हणाला तर लगेच धावू नका. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, बहुतेक वेळा तो स्वतःच उठून काहीतरी शोधतो.

सुरक्षिततेचं सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. पाणी एक दिवसाआड येतं तिथे न्हाणीघरात बादल्या, पिंपं भरलेली असतात. रांगतं, नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडतं, डोकं जड असल्याने त्याला परत वर येता येत नाही. झाकण लावा, दाराला वरची कडी घाला. तीच पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस घेतो, ती साखळी तिथेच तुटते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, आईचं दूध वारंवार द्या. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. पेल्यात अर्धं पाकीट कालवून देणं ही फार घरांत होणारी चूक आहे, त्याने मीठ जास्त होतं आणि मुलाला अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंग तापलेलं आणि मूल बरळतंय किंवा गुंगीत आहे, तर तो साधा ताप समजू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी मारत वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

शेवटचं, चल्लस-आठ. दुपारच्या त्या चार तासांना यासारखा खेळ नाही. खडूने पाच बाय पाच, पंचवीस घरं. चार चिंचोके एका बाजूने फरशीवर घासून पांढरे करा, घासताना ते तापतात आणि भावंडं एकमेकांना चटके देतात, तेवढं बघा. चार टाकायचे आणि पांढरे किती पडले ते मोजायचं. चारही पांढरे म्हणजे चार, चारही काळे म्हणजे आठ, या दोन दानांना पुन्हा टाकायला मिळतं. बाहेरच्या सोळा घरांतून फिरून आतल्या आठांत आणि मग मधल्या घरात. समोरच्याची सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही असा बऱ्याच घरी नियम आहे, तुमच्या घरचा असेल तो पाळा. सहा-सात वर्षांच्या मुलाला वहीत शंभर दानांच्या रेघा ओढायला सांगा. दोन सगळ्यांत जास्त वेळा पडतं, चार आणि आठ क्वचित. चार चिंचोक्यांपैकी कुठले दोन पांढरे पडतील याच्या सहा तऱ्हा आहेत, चारही पांढरे पडण्याची एकच. हे त्याला तुम्ही सांगू नका, चिंचोके मांडून त्याचं त्याला मोजू द्या.

दाराजवळच्या टेबलावर घासलेले चिंचोके ठेवले आहेत, प्रत्येक घराने चार न्यावेत. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मात्र नेऊ नका, चिंचोका नाकात किंवा घशात जातो. त्यांनी आइस्क्रीमच्या चार चपट्या काड्या एका बाजूने रंगवाव्यात, दान तसंच पडतं.