व्यसन, मेंदू आणि डॉ. नोरा व्होल्कोव्ह

आमच्या माहितीपटात दिसणाऱ्या, सोलापूरच्या पूर्व भागातील या घरात सकाळपासून विड्या वळण्याचे काम चालू आहे. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापाने कापायचे, त्यावर चिमूटभर तंबाखू पसरायची, पान गुंडाळून दोऱ्याने बांधायचे आणि तोंड दुमडायचे. हे सारे येथे दिसते त्याहून अधिक वेगाने चालते, कारण कॅमेऱ्यासाठी या मावशींनी हात मुद्दाम संथ ठेवला होता. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. शहरालगत कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, यावरून या धंद्याचा पसारा लक्षात यावा. विडी पेटवून झुरका घेतला की तंबाखूतील निकोटीन फुप्फुसांतून रक्तात उतरते आणि १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते. तेथे पुढे काय घडते, हे जिवंत माणसाच्या मेंदूत पाहण्याची सोय फार काळ नव्हती. ती झाल्यावर व्यसनाच्या अभ्यासासाठी तिचा चिकाटीने वापर करणाऱ्यांमध्ये डॉ. नोरा व्होल्कोव्ह यांचे नाव अग्रभागी येते, आणि हा माहितीपट त्यांच्या संशोधनाविषयी आहे.

व्होल्कोव्ह यांचा जन्म १९५६ मध्ये मेक्सिको सिटीत झाला. ज्या घरात त्या वाढल्या त्याच घरात ऑगस्ट १९४० मध्ये त्यांच्या पणजोबांवर प्राणघातक हल्ला झाला होता. हे पणजोबा म्हणजे रशियन क्रांतीचे नेते लिऑन ट्रॉट्स्की. या घराचे पुढे संग्रहालय झाले. व्होल्कोव्ह यांच्या आयुष्याची ओळख करून देताना बहुतेक जण याच घरापाशी रेंगाळतात, आणि छायाचित्रे उपलब्ध असल्याने आम्हीही येथे थोडे थांबलो आहोत. मात्र त्यांच्या विषयाशी अधिक जवळचा धागा आईच्या बाजूने येतो. आईचे वडील हृदयविकाराने गेले, असे त्यांना लहानपणी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात त्यांना दारूचे व्यसन होते आणि त्यांनी आत्महत्या केली होती, हे आईने त्यांना पुष्कळ वर्षांनी सांगितले. तोपर्यंत व्होल्कोव्ह स्वतः व्यसनाच्या मान्यवर संशोधक झाल्या होत्या. आजारपण लपवले जात नाही, व्यसन मात्र स्वतःच्या लेकीबाळींपासूनही लपवले जाते, हे सोलापूरच्या प्रेक्षकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी, म्हणजे पेट, या तंत्राविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि मेंदूचे संशोधन करण्याचा त्यांचा निर्णय पक्का झाला. मनोविकारशास्त्राचे प्रशिक्षण त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात घेतले.

या तंत्राची रीत येथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुढचा सारा प्रवास तिच्यावर उभा आहे. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात भारित कणांना प्रचंड वेग देऊन ते एका लक्ष्यावर आदळवतात आणि त्यातून अल्पायुषी किरणोत्सर्गी अणू तयार होतात. हा अणू रसायनशास्त्रज्ञ एखाद्या रेणूला जोडतात. तो रेणू ग्लुकोजसारखा असेल तर मेंदूचा कोणता भाग किती इंधन वापरतो हे कळते, आणि तो ठराविक ग्राहींना, म्हणजे पेशींवरील रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना, चिकटणारा असेल तर ते ग्राही कोठे आणि किती आहेत हे कळते. शिरेतून टोचलेला हा रेणू मेंदूत पोहोचल्यावर अणूतून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनशी त्याची गाठ पडताच दोघेही नष्ट होतात आणि परस्परविरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. डोक्याभोवतीचे संवेदकांचे कडे ते किरण एकाच क्षणी टिपते आणि त्यावरून संगणक प्रतिमा रचतो. अडचण असते ती वेळेची. कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो, ऑक्सिजन-१५ तर अवघ्या २ मिनिटांत. त्यामुळे सायक्लोट्रॉन, रसायनशाळा आणि रुग्ण एकाच आवारात असावे लागतात. फ्लोरीन-१८ ला ११० मिनिटे मिळतात, म्हणूनच १९७६ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत तयार झालेले किरणोत्सर्गी ग्लुकोज विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन माणसाच्या मेंदूची पहिली अशी प्रतिमा घेता आली.

अमेरिकेतील ह्यूस्टनला असताना व्होल्कोव्ह यांनी हे तंत्र कोकेन घेणाऱ्या रुग्णांवर वापरले. कोकेन फारसे घातक नाही, अशी समजूत त्या काळी डॉक्टरांमध्येही होती. प्रतिमांमध्ये मात्र मेंदूच्या पुढच्या भागात रक्तप्रवाह जागोजागी मंदावलेला दिसला. हे निष्कर्ष सहजासहजी स्वीकारले गेले नाहीत. शोधनिबंध १९८८ मध्ये ब्रिटनमधील मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यानंतर त्या ब्रुकहेवनला गेल्या, आणि त्यांच्या कारकिर्दीचा गाभा तेथे घडला. रसायनशास्त्रज्ञ जोआना फाउलर आणि डॉ. जीन-जॅक वांग हे तेथील त्यांचे दीर्घकाळचे सहकारी. कार्बन-११ जोडलेला रॅक्लोप्राइड हा रेणू, मेंदूत सुख आणि ओढ यांचा संदेश पोहोचवणाऱ्या डोपामीन या रसायनाच्या डी-२ ग्राहींना चिकटतो. कोकेनच्या व्यसनी रुग्णांमध्ये हे ग्राही कमी आढळले आणि कोकेन सोडून काही महिने लोटल्यावरही ते कमीच राहिले. १९९३ मध्ये या गटाने आणखी एक दुवा दाखवला: ज्यांचे डी-२ ग्राही कमी, त्यांच्या डोळ्यांमागील, कपाळाच्या तळाशी असलेल्या मेंदूच्या भागाचे कामही मंद. एखाद्या गोष्टीचे मोल परिस्थितीनुसार कमीजास्त करण्याचे, म्हणजे ‘आता पुरे’ असे ठरवण्याचे काम ज्या भागांवर अवलंबून असते त्यांपैकी हा एक आहे. आपण व्यसनी माणसाला निर्धार करायला सांगतो, तेव्हा ज्या अवयवाने निर्धार करायचा त्यालाच इजा झालेली असते, हे व्होल्कोव्ह यांच्या संशोधनाचे सार आहे आणि आमच्या मते ते प्रत्येक घरात पोहोचले पाहिजे.

कोकेन सोलापूरच्या गल्लीबोळांत सहसा दिसत नाही. येथे तंबाखू, मावा, शिंदी आणि हातभट्टी आहे. म्हणून १९९६ चा एक शोध आम्हाला अधिक जवळचा वाटतो. फाउलर, व्होल्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवले की धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत, डोपामीनचे विघटन करणारे एमएओ-बी हे विकर (एन्झाइम) धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४० टक्के कमी असते. हा परिणाम निकोटीनचा नसून धुरातील इतर घटकांचा असल्याचे मानले जाते. म्हणजे धूर दोन बाजूंनी काम करतो: निकोटीन डोपामीन वाढवते आणि उरलेला धूर ते लवकर संपू देत नाही. धूम्रपान सोडलेल्यांमध्ये मात्र हे विकर पूर्ववत आढळले.

व्होल्कोव्ह यांच्या गटाच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोकेनच्या व्यसनी व्यक्तींना दोन चित्रफिती दाखवण्यात आल्या. एकीत निसर्गदृश्ये होती, दुसरीत कोकेन घेणारी माणसे. दुसरी पाहताना, कोकेनचा कणही शरीरात गेलेला नसताना, सवयींशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागात डोपामीन वाढले आणि ज्यांच्यात ते अधिक वाढले त्यांना तलफही अधिक आली. हे वाचल्यानंतर टपरीवर पेटत्या विडीची आम्ही घेतलेली जवळची दृश्ये संकलनात काढून टाकली. आपल्या जिल्ह्यात पंढरीची माळ घालून दारू सोडणारी माणसे गावोगावी भेटतात. माळकऱ्याची संगत, संध्याकाळचा रस्ता आणि बसण्याची जागाही बदलते, त्यामुळे तलफ जागवणाऱ्या खुणा आपोआप दूर राहतात. माळेच्या यशाचा काही भाग या बदलाचा असावा, असे आम्हाला वाटते. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेऊन हातभट्टी गाळणाऱ्यांना दुसऱ्या व्यवसायाकडे वळवण्याचा प्रयत्न केला, तो स्वागतार्हच आहे. मात्र भट्टी विझली तरी पिणाऱ्याच्या मेंदूतील बदल शिल्लक राहतो.

२००३ मध्ये व्होल्कोव्ह अमेरिकेच्या राष्ट्रीय मादक पदार्थ संशोधन संस्थेच्या संचालक झाल्या. व्यसनाला मेंदूचा आजार म्हटल्याने गरिबी, बेकारी आणि माणसाची स्वतःची निवड बाजूला पडते, असा आक्षेप काही मानसशास्त्रज्ञांनी घेतला आहे. ग्राही आधीपासून कमी असतात की व्यसनामुळे घटतात, हा प्रश्नही आहेच. २००२ मध्ये माकडांवरील एका प्रयोगात कळपात वरचे स्थान मिळालेल्या माकडांचे डी-२ ग्राही वाढले आणि त्यांनी कोकेनही कमी घेतले, तेव्हा सामाजिक स्थानाचा ठसा थेट मेंदूवर उमटतो, हे पेट तंत्रानेच दाखवून दिले.

उपचारांत समुपदेशन आहे, निकोटीनचे च्युइंगम आणि पट्ट्या आहेत, दारूसाठी वेगळी औषधे आहेत, आणि पुन्हा व्यसन जडले तर मधुमेहात साखर वाढल्यावर करतात तसे उपचार नव्याने सुरू करायचे असतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक निःशुल्क आहे, आणि दारू व इतर मादक पदार्थांसाठी १४४४६.