मुका खांब आणि 'मिश्र माध्यम'

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'आजची धाग्याची कला आणि पारंपरिक हस्ततंत्र' असा छापलाय. त्याकडे येतेच, पण आधी एका पाटीबद्दल बोलू द्या. ती पाटी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रदर्शनात माझं काम लागलं होतं. पांढऱ्या सुती दोऱ्याचं, माणसाच्या उंचीचं, अकरा महिने विणलेलं. पहिल्या साखळीपासून शेवटपर्यंत एकच टाका, मुका खांब, म्हणजे क्रोशाचा, आकड्याच्या सुईनं होणाऱ्या विणकामाचा, एक साधा टाका. उद्घाटनाला जाऊन पाहते तर खाली पाटी : 'मिश्र माध्यम'. अहो, मिश्र कुठलं? एक दोरा, एक सुई, एक टाका! शेजारच्या चित्राखाली 'कॅनव्हासवर तैलरंग' असं व्यवस्थित लिहिलेलं. पलीकडच्या पुतळ्याखाली 'ब्राँझ'. मी आयोजकांना म्हटलं, 'क्रोशे, मुका खांब, सुती दोरा' असं लिहा. त्यांचं म्हणणं पडलं की लोकांना इतका तपशील नको असतो, आणि 'क्रोशे' म्हटलं की टेबलावरचा रुमाल आठवतो. आठवू दे की! त्या रुमालातही हाच टाका आहे, आणि तो विणणारीच्या बोटांना भूमिती येत होती.

मग मी दोन दिवस त्या दालनात जाऊन बसले. चित्रासमोर लोक विचारतात, याचा अर्थ काय. धाग्याच्या कामासमोर पहिला प्रश्न ठरलेला : "हे केलंय कसं?" तिथल्या पहारेकरी दादांना तो दिवसभर ऐकावा लागत होता. दुपारी गर्दी ओसरल्यावर ते माझ्यापाशी आले, म्हणाले, "ताई, मलाच सांगा, म्हणजे मी सांगेन." पर्समध्ये सुई-दोरा असतोच. पंधरा मिनिटांत त्यांना साखळी जमली, मग मुका खांब. दुसऱ्या दिवशी मी दारातूनच ऐकलं, एका शाळकरी मुलीला ते सांगत होते, "टाक्यात सुई घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन वेढे झाले की दोन्हीतून एकदम काढायचा." अगदी बिनचूक! संध्याकाळी वरून निरोप आला, पहारेकऱ्यांनी प्रेक्षकांशी बोलू नये. पाटी बोलत नाही, माणसालाही बोलू देत नाहीत. मग बघणाऱ्यानं विचारायचं कुणाला?

हे दुखणं जुनं आहे. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत मुलींना बहुधा विणकामाच्या विभागातच धाडलं जाई. ॲनी आल्बर्स तिथं मनाविरुद्धच गेल्या, आणि 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एकल प्रदर्शन होणाऱ्या त्या पहिल्या वस्त्रकलाकार ठरल्या. 1969 मध्ये त्याच संग्रहालयानं भिंतीवर लावायच्या विणकामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यावर लिहिलं शिल्पकार लुईझ बुर्ज्वा यांनी, तेही एका हस्तकलेच्या मासिकात. त्यांचा सूर असा की ही कामं सजावटीतून क्वचितच सुटतात. त्यांच्या आईवडिलांचा जुनी टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रं विणलेली भिंतीवरची जाड कापडं, दुरुस्त करण्याचा व्यवसाय होता, आणि उतारवयात त्यांनी स्वतःच जुने कपडे शिवून शिल्पं केली. मला त्यांची शिल्पं फार प्रिय आहेत, म्हणूनच ते परीक्षण टोचतं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता भरभर.

आधी हा नमुना पुढच्या रांगेत देते, हातात घ्या. सपाट चकती हवी असेल तर मुक्या खांबाच्या प्रत्येक फेरीत साधारण सहा टाके वाढवतात. इथं मी तसं केलेलं नाही. सुरुवातीला 20 टाके, आणि पुढे प्रत्येक ओळीत दर पाचव्या टाक्यात दोन खांब. नियम एवढाच. पण वाढ टाक्यांच्या प्रमाणात होते, म्हणून विसाव्या ओळीअखेर टाके 700 च्या आसपास जातात. त्यांना सपाट बसायला जागाच उरत नाही, मग कापड लाटा घेतं. ही झालर मी ओढून बनवलेली नाही, ती मोजणीतूनच उठली आहे. डायना टायमिन्या या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये अतिपरवलयी भूमिती, म्हणजे अशा लाटा घेत पसरणाऱ्या पृष्ठांची भूमिती, शिकवण्यासाठी अशीच प्रतिकृती क्रोशानं विणली. कागदाच्या प्रतिकृती फाटायच्या, ही वर्गभर फिरवता येते. मग मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी त्याच युक्तीनं, असंख्य हातांना सोबत घेऊन, प्रवाळाची आख्खी बेटं विणली.

माझा मुद्दा हाच आहे. आकार आधी ठरला आणि तंत्रानं तो नंतर भरला, असं इथं होत नाही. आकार टाक्यातच ठरतो. चौघी कलाकारांचंच बघा. मृणालिनी मुखर्जी तागासारखा जाड दोर रंगवून गाठी मारत जायच्या, आधी रेखाटन न करता. माणसाहून थोर मूर्ती गाठीगाठीनं उभी राहायची. मोनिका कोरिया यांनी मागावर विणता विणता फणीच, म्हणजे ताण्याचे धागे सारख्या अंतरावर धरणारी चौकटच, काढून टाकली, तसे ताण्याचे धागे सरकून वाहू लागले. फणी म्हणजे काय हे ठाऊक असेल त्यालाच त्यातलं धाडस दिसतं. रूथ असावा 1947 मध्ये मेक्सिकोत तारेच्या टोपल्या विणायला शिकल्या आणि त्याच वेढ्यातून एकात एक लटकणारे पोकळ आकार घडवले. माग्दालेना आबाकानोविच यांनी जुने दोरखंड उसवून, रंगवून खोलीएवढी वस्त्रं विणली. या प्रत्येकीच्या कामाखाली 'मिश्र माध्यम' लिहा, आणि बघा काय उरतं ते.

म्हणून कामं लावणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पाटीवर टाक्याचं नाव लिहा. गाठ असेल तर गाठ, धावदोरा असेल तर धावदोरा. आणि जमेल तिथं काम भिंतीपासून हातभर पुढे टांगा, मागची बाजू दिसू द्या. दोरा कुठे संपला, नवा कुठे जोडला, कुठे हात थकून टाका घट्ट झाला, सगळं तिथं असतं.

वेळ संपली, बेल ऐकली मी. तो नमुना मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. शेवटचं टोक मुद्दाम मोकळं ठेवलंय. ओढून बघा, टाका कसा सुटतो ते कळेल, उसवला तरी चालेल. सुई माझ्याकडे आहे.