टेराबाइट वाटेत कुठे अडतो?

नमस्कार श्रोतेहो. संशोधन संस्थेचं नेटवर्क कचेरीच्या नेटवर्कसारखं बांधून भागत नाही. कचेरीत पुष्कळ माणसं थोडा थोडा डेटा पाठवतात. इथे एखादं यंत्र एकट्यानं टेराबाइट ओततं. तो सेकंदाला १ गिगाबिटच्या लाइनवरून जायला सव्वादोन तास घेतो, १० गिगाबिटवरून साधारण १३ मिनिटं.

इमारती सिंगल-मोड फायबरनंच, म्हणजे लांब पल्ल्याच्या काचेच्या धाग्यानंच, जोडाव्यात. तांब्याच्या इथरनेट केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, शिवाय वीज पडली की इमारतींच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे पोर्ट जळतात. प्रत्येक इमारतीला दोन वाटा द्या, त्याही वेगवेगळ्या चरांतून. दोन्ही केबल एकाच चरात असतील, तर जेसीबीचा एक घाव दोन्ही तोडतो. गरजेपेक्षा दुप्पट कोर, म्हणजे केबलमधले फायबरचे धागे, आत्ताच टाका. खरा खर्च खोदाईचा असतो.

आता कनेक्टर. सिंगल-मोड फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्यावर धुळीचा कण बसला, तरी स्विचचा दिवा हिरवाच राहतो आणि अधूनमधून पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, गळत राहतात. म्हणून नवी, पाकीटबंद पॅच कॉर्ड, म्हणजे उपकरणाला जोडायची छोटी फायबर केबलसुद्धा आधी फायबर मायक्रोस्कोपखाली बघा, पुसा, पुन्हा बघा, मगच जोडा.

ही गळती आवारात जाणवत नाही, आणि घात तिथेच होतो. दहा हजारांत एक पॅकेट हरवलं, तर आवारात, जिथे जाऊन-येऊन १ मिलिसेकंद लागतो, पारंपरिक टीसीपी, म्हणजे गळती दिसली की वेग उतरवून फेरीगणिक हळूहळू वाढवणारा पाठवणीचा नियम, तरीही गिगाबिटच्या वर धावतो. तेच पॅकेट १०० मिलिसेकंद जाऊन-येऊन करणार असेल, तर एका जोडणीचा वेग १५ मेगाबिटच्या आसपास येतो. मग दूरच्या सहकाऱ्याचा सर्व्हर मंद आहे, असं सगळे धरून चालतात!

तेव्हा डेटा पाठवणारा सर्व्हर आवाराच्या सीमेवरच्या राउटरजवळ ठेवा. मोठे प्रवाह कचेरीच्या फायरवॉलमधून, म्हणजे सुरक्षेसाठी डेटा तपासणाऱ्या उपकरणातून, नेऊ नका. तिचे बफर, म्हणजे डेटा क्षणभर थांबवायची जागा, छोटे असतात. सुरक्षेसाठी राउटरवर नेमक्या पत्त्यांचीच परवानगी लिहा. १० गिगाबिट आणि १०० मिलिसेकंदांसाठी सर्व्हरचा टीसीपी बफर किमान १२५ मेगाबाइट हवा. शेजारी पर्फसोनार हे नेटवर्क मोजणारं सॉफ्टवेअर चालवून गळती सतत मोजा.

जम्बो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पॅकेट, वापरत असाल, तर वाटेतल्या प्रत्येक उपकरणावर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, ९००० बाइट चालतो ना, हे पाहा. एक जरी १५०० वर राहिलं, तरी लॉगिन होतं, छोट्या फाइल जातात, मोठी मात्र लटकते. वाटेत तुकडे न करण्याची खूण लावून ८९७२ बाइटचा पिंग, म्हणजे उत्तर मागणारं चाचणीचं पॅकेट, पाठवा; शीर्षकाचे बाइट धरून ते ९००० होतं. उत्तर आलं नाही, तर एकेक टप्पा पुढे सरकत तपासा.